बसून खेळायचा खेळ

आमच्या कारखान्यात गेम बनतात असं सांगितलं की लोक मोबाइलकडे बघतात. तसले गेम नाही. मॉलमध्ये, जत्रेत, लग्नाच्या लॉनवर लहान मुलांसाठी ज्या मोठ्या मशिनी ठेवतात, नाणं टाकलं की दिवे लागतात आणि बेडकं डोकी वर काढतात, तसले. त्या बेडकांना मारायचे हातोडे मी शिवते. आतला फोम कापायचा, वरून रेक्झिन चढवायचं आणि टाका असा घ्यायचा की हजार मुलांनी आपटला तरी उसवू नये. त्याआधी मी ऑटोच्या सीटा शिवत होते. त्याच्याही आधी, लग्न व्हायच्या आधी, नरखेडकडे आमच्या गावात संत्र्याच्या छाटणीला जात होते.

ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण प्रदर्शनात त्या दिवशी काय झालं ते जो तो आपापल्या सोयीनं सांगतो आहे. मालक एक सांगतात, मिस्त्री दुसरं सांगतो, आणि दोघांच्याही सांगण्यात मी थोडीशीच असते. म्हणून लिहून ठेवते.

आधी छाटणी काय असते ते लिहिते. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी आईबरोबर बसू लागले. बागेत तोडा झाला की फळांचा ढीग पडायचा. आम्ही बायका ढिगाभोवती जमिनीवर बसायचो, एक गुडघा वर, एक खाली, आणि फळ उचलून मोठं, मधलं, बारीक असे तीन वाटे करायचो. नवी पोरगी फळाकडे बघून ठरवायची. जुनी बाई बघायचीच नाही. तिचं तोंड शेजारणीकडे, तिथे कोणाची तरी निंदा चालू, आणि इकडे हात आपले चालू. फळ तळव्यात आलं, बोटं मिटली, की कळतं. मधल्या आणि मोठ्या फळात फरक किती, तर करंगळीच्या नखाएवढा. डोळा त्यात फसतो. तळवा फसत नाही. दोन-तीन हंगामांनंतर माझाही तळवा तयार झाला. मला वाटत होतं की नागपूरला आल्यावर तो मोडला असेल. एवढी वर्षं सुई धरून कोणाचा राहील?

मोडला नव्हता. मागच्या हिवाळ्यात मालकांनी कारखान्यातल्या सगळ्यांसाठी संत्र्याचं एक पोतं आणलं. वाटायला मला बसवलं. कोणाला सगळीच मोठी आणि कोणाला सगळीच बारीक जाऊ नयेत म्हणून मी आधी तीन वाटे करायला घेतले. मिस्त्री समोर स्टुलावर बसून वायर सोलत होता. हा मिस्त्री मशिनींची सगळी विजेची आणि लोखंडाची कामं करतो, आणि मला वयनी म्हणतो. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वयनी, तुम्ही तर पाहूनच नाही राहिल्या."

"पाहाले काय हाये त्यात?"

"मग कसं समजून राह्यलं तुमाले?"

"तुम्ही वायर सोलून राहिले ते पाहून सोलता काय?"

त्यानं डोळे मिटून दहा फळं छाटून बघितली. सहा चुकली. पुन्हा दहा घेतली. पाच चुकली. तिसऱ्यांदा हात पुढे करताना तोच म्हणाला, "अरे बाप्पा, हा तर गेम झाला ना!"

तेव्हा नागपुरात एका मोठ्या हॉलमध्ये गेमच्या मशिनींचं प्रदर्शन भरणार होतं. बनवणारे स्टॉल लावतात, आणि मॉलवाले, लॉनवाले, जत्रावाले येऊन बघतात आणि ऑर्डर देतात. आमच्याकडे दाखवायला बेडूकच होता. दर वेळी रंग नवा, बेडूक तोच. मिस्त्रीनं मालकांना संत्र्याच्या गेमचं सांगितलं. मालक बराच वेळ मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बनवा. पण आताच सांगून ठेवतो. प्रदर्शनात हा कोणी घेतला नाही, तर परत आल्यावर खोलून टाकू. सर्किट बेडकात जाईन, पत्रा भंगारात जाईन. मंग माह्याजवळ रडू नका."

मी रडणाऱ्यांतली नाही.

गेम असा. संत्र्याच्या रंगाचे, मऊ रेक्झिनचे चेंडू उतारावरून घरंगळत एका परातीसारख्या भागात येतात. पुढे तीन भोकं आहेत, मोठं, मधलं, बारीक असं लिहिलेली. भोकं सारख्याच मापाची. चेंडू आपण ओळखून बरोबर भोकात टाकायचा. बरोबर गेला तर हिरवा दिवा लागतो, चुकला तर पोंगा वाजतो. एक मिनिट वेळ. मिस्त्रीनं प्रत्येक चेंडूच्या पोटात एक बारीक चकती ठेवली होती, तिच्यावरून मशिनीला कळायचं; चकतीवर मापाच्या उठावदार खुणा होत्या, बाहेरून दाबलं की बोटाला लागायच्या. चेंडू सगळे मी शिवले. पाकळ्या कापून, आतून टाका घेऊन, उलटवून. फोम घासून घासून मी ते माप आणलं, करंगळीच्या नखाएवढा फरक, कमी नाही, जास्त नाही. शिवता शिवता खाली बसून छाटून बघायचे. एकही चुकत नव्हता.

मशिनीचा सांगाडा मिस्त्रीनं आमच्या बाकीच्या मशिनींसारखाच केला आणि लोखंडी पायपाच्या स्टँडवर बसवला. कमरेच्या उंचीवर. त्यात कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. मशीन तयार झाली तेव्हा टेम्पो दारात उभा होता. मिस्त्रीनं तिन्ही भोकांत एकेक चेंडू टाकून दिवे आणि पोंगा तपासला, आणि मशीन टेम्पोत चढली.

प्रदर्शनाचा हॉल एवढा मोठा होता की पलीकडच्या भिंतीवरची अक्षरं मला वाचता येत नव्हती. लोक यायच्या आधी मी एक फेरी मारली. भिंतीएवढ्या पडद्यासमोर एक मोटारसायकल होती. तिच्यावर बसून वाकलं की पडद्यावरचा रस्ता वाकतो. मी तिची सीट दाबून पाहिली. टाका नव्हताच, रेक्झिन गरम करून चिकटवलं होतं. दिसायला झकास, पण एका उन्हाळ्यात कडा सुटतील. एका ठिकाणी डोळ्यांवर काळा डबा बांधून दोन माणसं हवेत हात मारत होती. त्यांना काय दिसत होतं ते त्यांनाच माहीत. आपल्याला फक्त दोन मोठी माणसं माशा हाकलताना दिसत होती. टेडी उचलायच्या मशिनी तर रांगेनं होत्या. सगळीकडून गाणी, सगळीकडून दिवे. आमचा स्टॉल शेवटच्या गल्लीत, संडासाच्या दाराजवळ.

स्टॉलच्या मागे फ्लेक्स लावलेला होता. मालकांनी त्याच्यामागे माझी खुर्ची टाकली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इथंच बसा. काही उसवलं तर शिवजा." मला ते बरंच वाटलं. चार अनोळखी माणसांत उभं राहायचं म्हटलं की माझे ओठ चिकटतात. फ्लेक्सच्या फटीतून मला लोकांचे पाय आणि मशिनीची एक बाजू दिसत होती. बाकी सगळं ऐकू येत होतं.

आणि ऐकू येत होता तो पोंगा. लोक येत होते, संत्री बघून हसत होते, खेळायला घेत होते आणि पोंगा वाजत होता. मोठं म्हणून टाकलं, पोंगा. मधलं म्हणून टाकलं, पोंगा. कोणी म्हणे, "अरे, ये तो सब सेम दिखता है." एक दिल्लीकडचा व्यापारी म्हणाला, "भाईसाब, इसमें जीतेगा कौन?" आणि मालक हसून त्याला बेडकाकडे घेऊन गेले. दुपारपर्यंत बेडकाचे दोन गिऱ्हाईक झाले होते. संत्र्याच्या मशिनीजवळ कोणी थांबत नव्हतं.

मालक फ्लेक्समागे आले. कपाळ पुसत म्हणाले, "बाई, कात्री हाये ना तुमच्यापाशी? मधला साइज काढूनच टाका. मोठे भल्ले मोठे करा, बारीक एकदम लिंबाएवढे. पोट्ट्याईले दुरून दिसले पाहिजे. आता करा, इथंच."

"नाही भाऊ," मी म्हणाले.

"काय नाही?"

"मग ते संत्रं नाही राहत."

"मग काय राहते?"

"चेंडू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीच बोलली असावी. सहा वर्षांत मी त्यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. सुटीच्या दिवशी बोलावलं तरी गेले होते. ते म्हणाले, "ठीक हाये. तुमचं इतकंच खरं असन, तर चला बाहेर. लोकाईसमोर खेळून दाखवा."

त्यांना माहीत होतं मी जाणार नाही. मला घाबरवून कात्री हातात घ्यायला लावायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी उठले आणि गेले.

मशिनीसमोर उभी राहिले. मिस्त्रीनं बटण दाबलं. चेंडू आले. मी पहिला उचलला, मोठा, टाकला. पोंगा. दुसरा, मधला. हिरवा. तिसरा, पोंगा. चौथा, पोंगा. मिनिट संपेपर्यंत हेच. चार-पाच माणसं जमली होती, ती हसली. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण हसणंच होतं. मालक त्यांना म्हणाले, "पाहा! जिनं बनवला, तिलेच जमत नाही!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता तरी कात्री घ्या."

मी मागे गेले. कान इतके तापले होते की कोणी हात लावला असता तर त्याला चटका बसला असता. कात्री पिशवीतून काढलीसुद्धा. खुर्चीवर बसून कापता येत नाही, म्हणून खाली रेक्झिनचा तुकडा पसरला आणि त्यावर बसले, जास्तीचे चेंडू ओटीत घेतले आणि आधी मधले वेगळे काढू म्हटलं.

ते वेगळे निघाले. सगळेच्या सगळे. मी उलटून पालटून बघितले, चकतीवरच्या खुणा दाबून बघितल्या. एकही चुकला नव्हता. मी उभी राहिले, खुर्चीवर चेंडू ठेवले आणि उभ्यानं उचलून बघितले. चुकले. पुन्हा बसले. बरोबर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कमरेच्या उंचीवर हात वरून जातो आणि चेंडू बोटांच्या टोकांत येतो. टोकांना काही कळत नाही, म्हणून माणूस डोळ्यांनी बघायला लागतो. खाली बसलं की कोपर गुडघ्यावर टेकतं, हात खालून जातो आणि फळ आपण होऊन तळव्यात येतं. मी आयुष्यात कधी उभ्यानं संत्रं छाटलंच नव्हतं. कोणत्याच बाईनं छाटलेलं नव्हतं. चेंडूत खोट नव्हती. माझ्या हातातही नव्हती.

मी कात्री पिशवीत टाकली आणि फटीतून मिस्त्रीला हाक मारली. "पाय काढा."

"कोणाचे?"

"मशिनीचे. स्टँड काढा. खाली ठेवा तिले."

"वयनी, मालक माहे काढतीन."

"मालक कुठं हाये?"

मालक जेवायला गेले होते. मिस्त्रीनं एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाना काढला. चार बोल्ट होते. आम्ही दोघांनी मशीन उचलून हॉलच्या हिरव्या गालिच्यावर ठेवली. मी पुढे रेक्झिन अंथरलं. मग करायचं एकच राहिलं होतं. तिथे, त्या गल्लीत, बुटांच्या आणि चपलांच्या मधोमध खाली बसायचं.

बसले. पदर खोचला, एक गुडघा वर घेतला. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते, जणू मी तिथे पडलेली वस्तू आहे. मिस्त्रीनं बटण दाबलं. हिरवा, हिरवा, हिरवा. मी मिस्त्रीशी मुद्दाम बोलत राहिले, डब्यात काय आणलं, भाजी कोणती, काहीही. हिरवा, हिरवा. एकदाच पोंगा वाजला, तोही कोणीतरी अंगावरून गेलं आणि मी घाबरून वर बघितलं म्हणून. लोक थांबायला लागले. मी दुसऱ्यांदा खेळले.

"हे काय करून ठेवलं बाप्पा!" मालक परत आले होते. "उठा बाई, उठा! लोक काय म्हणतीन? बाजूच्याचे पडदे आठ आठ फूट, अन् आपण भाजी मांडल्यावानी खाली बसलो! मिस्त्री, उभी कर ते मशीन."

मिस्त्री पाना हातात घेऊन उभा राहिला. मी उठले नाही. बोलताही येत नव्हतं, पण बसून राहता येत होतं. मी बसून राहिले.

तेवढ्यात एक नवरा-बायको गर्दीतून पुढे आले. सावनेरकडे त्यांचं लग्नाचं मोठं लॉन होतं, पाहुण्यांच्या मुलांसाठी गेम बघायला आले होते. बाई चांगली रेशमी साडी नेसलेली, हातात सोन्याच्या पाटल्या. तिनं वाकून विचारलं, "काय वं ताई, काय होय हे?"

"छाटणी."

"संत्र्याची?" ती एकदम हसली. "माह्या बाबाची बाग होती. पण आमाले नाही बसू देत होते बायांत. मजुराईचं काम म्हणे." आणि ती साडी आवरून माझ्या शेजारी बसली.

नवरा म्हणाला, "अवं, साडी खराब होईन!"

"होऊ द्या."

पहिल्या वेळी पोंगाच पोंगा. मी तिचं कोपर धरून गुडघ्यावर टेकवलं आणि म्हटलं, पाहू नका, माझ्याकडे बघा. दुसऱ्या वेळी अर्धे हिरवे. तिसऱ्या वेळी ती वर न बघता नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिकडून बाजूले व्हा, उजेड अडवून राहिले." उजेडाची गरजच नव्हती. पण ती आता छाटणीवाली झाली होती.

नवऱ्यालाही पटलं. तो मालकांना म्हणाला, "घेऊ आपण. पण स्टँडवर द्या. पाहुणे सुटाबुटात असतात, खाली कोण बसन?"

"देऊ ना साहेब, काहून नाही देऊ! जसा पाहिजे तसा," मालक म्हणाले. "चेंडूही मोठे करून देतो, लोक पटपट जिंकतीन."

गेम वाचला होता. खोलला जाणार नव्हता, भंगारात जाणार नव्हता. मी गप्प बसले असते तर सगळे खुशीत घरी गेलो असतो. पण जे वाचलं असतं ते माझं नसतं. ते पोंगा वाजवणारं एक खोकं असतं, आणि सगळे म्हणाले असते, हा गेम त्या बाईनं काढला, काही दम नाही त्यात.

"स्टँडवर द्यायचा नाही," मी म्हणाले.

मालक दातातल्या दातात म्हणाले, "बाई, तुम्ही चूप राहा."

"मी चूपच राहते भाऊ. आज नाही." आवाज चिरका निघाला, पण निघाला. मी लॉनवाल्याकडे बघून बोलले. "उभा केला तर सगळे हरतात. आत्ता मी हरली, यांनी पाहिलं. दोन लग्नं झाली की तुम्ही त्याले कोपऱ्यात टाकसान. तुमच्या पाहुण्याईले पंगतीत खाली बसता येते ना? मग खेळाले बसता येईन."

"आता बुफे असते बाई," लॉनवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा.

"असू द्या बुफे," मी म्हणाले. "ज्याले खाली बसता येत नाही, त्याले हरू द्या."

मग शेजारून ती बाई म्हणाली, "असाच घ्या. खालचा. अन् चेंडू असेच पाहिजे." नवरा काहीतरी म्हणणार होता. तिनं त्याला उठायला हात दे म्हणून हात पुढे केला, आणि तो बोलायचं विसरला. मालकांनी ऑर्डरचं पुस्तक काढलं.

आता मालक सगळ्यांना सांगतात की खाली बसून खेळायची कल्पना त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होती. सांगू देत. मी कोणाकडे जाऊन भांडणार नाही, तसा माझा स्वभाव नाही. त्यांना एकदा मधला साइज काढून टाकायचा होता आणि एकदा मशीन स्टँडवर द्यायची होती. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

लॉनची मशीन परवा तयार झाली. मिस्त्री तळाच्या पत्र्याला स्टँडसाठी चार भोकं पाडायला निघाला होता, सवयीनं. ड्रिल चालू केलं होतं. मी जाऊन त्याची वायर काढून हातात धरली. मालक ऑफिसातून ओरडले, काय झालं? मिस्त्रीनं सांगितलं, वयनी भोकं पाडू देत नाहीत.

मालक बाहेर आले. "बाई, उद्या त्याईले उभी करावीशी वाटली तर?"

"म्हणूनच नाही पाडू देत," मी म्हणाले, आणि मशीन बिनभोकाचीच टेम्पोत चढेपर्यंत मी ती वायर सोडली नाही.